उतारा कशासाठी? इंग्रजी व्याकरण व शब्दसंग्रहाच्या सरावातील लघु-उताऱ्यांची चिकित्सा

सारांश : इंग्रजीच्या सरावपुस्तकांत छोटा वाचन-उतारा देऊन त्याखाली व्याकरणाचे व शब्दसंग्रहाचे प्रश्न विचारण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. हे प्रश्न सोडविण्यासाठी उतारा वाचावा लागतो काय, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. व्याकरणातील कोणत्या गोष्टी उताऱ्याशिवाय शिकताच येत नाहीत आणि कोणत्या गोष्टींना उताऱ्याची गरज नाही, याचा विचार मराठी भाषक विद्यार्थ्याच्या दृष्टीने येथे केला आहे.

बीजसंज्ञा : लघु-उतारा, उपपदे, पूर्ण भूतकाळ, शब्दसंग्रह, मराठी माध्यम, अर्थग्रहण

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून इयत्ता पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. त्यामुळे आज पदवीच्या प्रथम वर्षास प्रवेश घेणारा विद्यार्थी बारा वर्षे इंग्रजी शिकून आलेला असतो. या काळात त्याने पाठ्यपुस्तकांतील, सरावसंचांतील आणि प्रश्नपत्रिकांतील कितीतरी उतारे हाताळलेले असतात. 'हाताळलेले' हा शब्द येथे हेतुतः योजिला आहे, कारण ते त्याने वाचले आहेत असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. उताऱ्याखालचा प्रश्न आधी पाहायचा, त्यातील एखादा शब्द उताऱ्यात शोधायचा, तो ज्या वाक्यात सापडेल ते वाक्य जसेच्या तसे उतरवायचे, हे तंत्र विद्यार्थी लवकर आत्मसात करतो. त्याला गुणही मिळतात. मात्र त्याच विद्यार्थ्यापुढे इंग्रजी वृत्तपत्रातील एखादी बातमी किंवा त्याच्याच विषयाच्या संदर्भग्रंथाचे एक पान ठेवले की तो थबकतो.

याचा दोष विद्यार्थ्याच्या आळसावर ढकलणे सोपे आहे. तथापि उतारा वाचल्याखेरीज सुटणारे प्रश्न आपणच वर्षानुवर्षे त्याच्यापुढे ठेवीत आलो आहोत. म्हणून चिकित्सा करावयाची ती उताऱ्याची आणि त्याखालच्या प्रश्नांची.

वाक्याकडून उताऱ्याकडे

मराठी माणसाच्या इंग्रजी शिक्षणाचा विचार तर्खडकरांच्या 'भाषांतर पाठमाले'वाचून होऊ शकत नाही. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची ही पाठमाला, म्हणजे मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर नव्हेत. या दोघांची गल्लत आजही होते. पाठमालेची रीत अशी की प्रथम शब्द द्यावयाचे, मग नियम सांगावयाचा आणि नंतर सुटी सुटी वाक्ये भाषांतरासाठी द्यावयाची. एका वाक्याचा पुढच्या वाक्याशी संबंध असण्याचे कारण नव्हते. १९३० च्या दशकात आलेल्या रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणानेही हीच वाट चोखाळली. यांतील रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीस होते, हे अनेकांना ठाऊक नसते. १९८५ साली प्रथम प्रसिद्ध झालेले रेमंड मर्फी यांचे सुप्रसिद्ध सरावपुस्तक मांडणीत कितीतरी अधिक सुबक आहे, पण त्याचाही मुख्य आधार सुटे वाक्यच होय.

या परंपरेची थट्टा करण्याची अलीकडे फॅशन आहे. ती मला मान्य नाही. तर्खडकरांच्या विद्यार्थ्याला निदान दोन भाषांतील फरक दिसत असे. 'मला भूक लागली आहे' या वाक्यातील 'मला' इंग्रजीत 'आय' होतो, हे त्याला कोणी तरी सांगत असे. आजच्या सरावपुस्तकांतून मराठी पूर्णपणे हद्दपार झाली आहे आणि त्याबरोबर ही तुलनाही गेली आहे.

वाचनाला अग्रस्थान देण्याचा विचार आपल्याच उपखंडात फार पूर्वी मांडला गेला होता. मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात काम करीत असताना त्यांनी बंगाली मुलांच्या इंग्रजीचा अभ्यास केला आणि १९२६ मध्ये द्विभाषिकतेवरील आपला अहवाल प्रसिद्ध केला. बहुसंख्य मुले शिक्षण मध्येच सोडतात, ही वस्तुस्थिती त्यांनी विचाराच्या केंद्रस्थानी ठेवली. विम्याच्या परिभाषेतील 'सरेंडर व्हॅल्यू' ही कल्पना त्यांनी शिक्षणाला लावली. पॉलिसी मुदतीआधी मोडली तर पदरात काय पडते, तसे शाळा मध्येच सुटली तर शिकलेल्या इंग्रजीतून मुलाच्या हाती काय राहते? अर्धवट शिकलेले व्याकरण जवळजवळ निरुपयोगी ठरते, परंतु अर्धवट का होईना, वाचता येऊ लागले तर ते आयुष्यभर उपयोगी पडते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यासाठी त्यांनी नवे शब्द विरळ पेरलेली आणि तेच शब्द पुन:पुन्हा समोर आणणारी वाचनमाला तयार केली. त्यांनी संपादित केलेली सुमारे दोन हजार मूलशब्दांची सामान्य शब्दसूची १९५३ साली प्रसिद्ध झाली.

वेस्ट यांचा हा प्रश्न ग्रामीण महाविद्यालयांत आजही जिवंत आहे. पदवी अर्धवट सोडणाऱ्या विद्यार्थिनीच्या हाती बारा-तेरा वर्षांच्या इंग्रजीतून काय उरते, असे विचारले तर 'प्रयोग बदला' आणि 'गाळलेल्या जागा भरा' यांपलीकडे उत्तर देणे अवघड आहे.

झाकून पाहण्याची कसोटी

टिम जॉन्स आणि फ्लॉरेन्स डेव्हिस यांनी १९८३ मध्ये उताऱ्याचे दोन उपयोग वेगळे करून दाखविले. एकात उतारा ही भाषेची वस्तू असते, म्हणजे तिच्यातून शब्द आणि रचना वेचून काढावयाच्या. दुसऱ्यात उतारा हे माहितीचे वाहन असते. आपल्या सरावपुस्तकांतील उतारा बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचा असतो. किंबहुना तो वस्तू म्हणूनही नीट वापरला जात नाही.

हे तपासण्यासाठी एक साधी कसोटी पुरेशी आहे. उतारा हाताने झाकावा आणि खालचे प्रश्न सोडवून पाहावेत. जो प्रश्न सुटतो त्याला उताऱ्याची गरज नव्हती. दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत उताऱ्याखाली आकलन, अनुमान, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि स्वमत अशा कृती असतात. ही रचना मुळात चांगली आहे. विशेषतः स्वमताची कृती जुन्या प्रश्नपत्रिकांच्या तुलनेत निश्चितच स्वागतार्ह म्हणावी लागेल. परंतु व्याकरणाच्या कृतीला झाकण्याची कसोटी लावली की ती बहुधा टिकत नाही. उताऱ्यातून एक वाक्य उचलून आणलेले असते आणि त्याचा प्रयोग बदला, ते अर्थ न बदलता नकारार्थी करा किंवा 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो' वापरून पुन्हा लिहा, असे सांगितलेले असते. ते वाक्य उताऱ्यातून आले काय आणि आकाशातून पडले काय, उत्तर तेच येते.

याहून गंभीर गोष्ट अशी की ही कृती उताऱ्याच्या विरुद्ध जाते. लेखकाने तेथे कर्मणी प्रयोग का वापरला, हा खरा व्याकरणाचा प्रश्न आहे. आपण मात्र विद्यार्थ्याला तो मोडून कर्तरी करावयास सांगतो, जणू दोन्ही वाक्ये कोठेही सारखीच चालतात.

गाळलेल्या जागांची कथाही अशीच आहे. ठरावीक अंतराने शब्द गाळून वाचकाला ते भरावयास लावण्याची पद्धत विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मांडली ती मजकूर किती वाचनीय आहे हे मोजण्यासाठी. शब्द यांत्रिक अंतराने गळत असल्यामुळे कधी उपपद, कधी क्रियापद तर कधी नाम जाई, आणि ते भरण्यासाठी मागचा-पुढचा सारा मजकूर ध्यानात घ्यावा लागे. सरावपुस्तकांनी त्यातून निवडून केवळ शब्दयोगी अव्यये गाळली. मग डाव्या-उजव्या बाजूचे दोन शब्द पाहिले की काम भागते आणि उतारा पुन्हा सुट्या वाक्यांची माळ होऊन बसतो.

एक विहीर, सदतीस शब्द

मग उतारा अनावश्यक आहे काय? मुळीच नाही. व्याकरणाचा काही भाग असा आहे की जो एका वाक्यात दिसूच शकत नाही. उदाहरणासाठी प्रस्तुत लेखकाने रचलेला हा छोटा उतारा पाहावा :

'देअर वॉज ए वेल निअर द स्कूल. व्हेन द चिल्ड्रन केम बॅक इन जून, द वेल हॅड ड्राइड अप. ए बकेट वॉज लाइंग ॲट द बॉटम. द रोप हॅड बीन कट. नोबडी आस्क्ड हू हॅड डन इट.'

मराठीत हाच मजकूर असा होईल : 'शाळेजवळ एक विहीर होती. जूनमध्ये मुले परत आली तेव्हा विहीर आटली होती. तळाशी एक बादली पडली होती. दोर कापलेला होता. तो कोणी कापला, हे कोणी विचारले नाही.'

प्रथम उपपदे पाहू. शाळेत शिकविला जाणारा नियम असा की वस्तूचा पहिला उल्लेख 'ए'ने आणि दुसरा 'द'ने करावा. वरील उताऱ्यात 'द' पाच वेळा आला आहे आणि हा नियम त्यांपैकी केवळ एकाला, म्हणजे 'द वेल'ला लागू पडतो. शाळा, मुले, तळ आणि दोर यांचा आधी उल्लेखच नाही. तरीही तेथे 'द' अचूक आहे, कारण शाळा म्हटली की मुले आली, विहीर म्हटली की तळ आला, विहिरीतील बादली म्हटली की दोर आला. शाळा कोणती, हे गावातल्या माणसाला सांगावे लागत नाही. वाचकाला ही वस्तू ओळखता येईल असा लेखकाचा विश्वास 'द'मधून व्यक्त होतो. मराठीत हे काम नुसते नाम करते. 'दोर कापलेला होता' म्हटल्यावर कोणता दोर, असे कोणी विचारीत नाही. म्हणजे ही समजूत मराठी विद्यार्थ्यापाशी आधीच असते. फक्त इंग्रजी ती एका छोट्या शब्दाने उघड करून दाखविते, एवढेच त्याला कळावयाचे असते. 'द रोप हॅड बीन कट' हे वाक्य सुटे काढून 'रोप'पूर्वी जागा मोकळी ठेवली, तर 'ए' आणि 'द' दोन्ही बरोबर ठरतात आणि प्रश्नाला अर्थ उरत नाही. उपपद ही वाक्यापेक्षा उताऱ्याची बाब आहे.

काळांचेही तसेच आहे. मराठी मजकुरात 'विहीर होती', 'आटली होती', 'पडली होती' असे 'होती' तीनदा आले आहे. इंग्रजीत त्यांची तीन निराळी रूपे होतात. 'पडली होती' हे 'आटली होती'सारखेच दिसते म्हणून विद्यार्थी 'हॅड फॉलन' लिहितो. येथे मात्र बादली पडण्याची क्रिया अभिप्रेत नसून तिची स्थिती अभिप्रेत आहे, म्हणून 'वॉज लाइंग'. याउलट 'मी काल पुण्याला गेलो होतो' हे मराठीत अगदी सहज वाक्य आहे, आणि त्याचेच 'आय हॅड गॉन टू पुणे यस्टर्डे' होते. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणाही शिक्षकाच्या हे वाक्य परिचयाचे असेल. इंग्रजीतील पूर्ण भूतकाळाला भूतकाळातलाच दुसरा एखादा क्षण टेकू म्हणून लागतो. आपल्या उताऱ्यात तो क्षण 'व्हेन द चिल्ड्रन केम बॅक' हा आहे. गंमत अशी की 'द रोप हॅड बीन कट' या वाक्यात हा क्षण नाही, तो दोन वाक्ये मागे राहिला आहे. सुट्या वाक्यांवर कितीही सराव केला तरी हे अंतर विद्यार्थ्याच्या नजरेस येणार नाही.

राहिला कर्मणी प्रयोग. दोर कापणारा अज्ञात आहे आणि तो अज्ञात राहण्यातच गोष्टीचा जीव आहे. 'समवन हॅड कट द रोप' असे केले की वाचकाचे लक्ष दोरावरून त्या 'समवन'कडे वळते. शेवटच्या वाक्यातील 'इट' तर दोर, बादली, विहीर यांपैकी कोणत्याच वस्तूकडे बोट दाखवीत नाही, ते घडलेल्या कृत्याकडे निर्देश करते. सर्वनामाचा तक्ता पाठ करून हे कळणार नाही.

अर्थात सर्वच व्याकरणाला उतारा हवा असे नाही. 'ही गोज' मधील प्रत्यय, अनेकवचनाची रूपे, अनियमित क्रियापदांची तीन रूपे यांच्यासाठी उतारा रचणे हा वेळेचा अपव्यय होय. ती पाठ करावीत, सुट्या वाक्यांत घोटावीत. येथे तर्खडकरच बरे.

शब्द किती आणि कितीदा

शब्दसंग्रहाबाबत सरावपुस्तकांचा आवडता आदेश असा की, संदर्भावरून अर्थ ओळखा. हा आदेश पाळण्यासाठी संदर्भ आधी कळावा लागतो. मार्सेला हू आणि पॉल नेशन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की मजकुरातील ८० टक्के शब्द माहीत असणाऱ्या एकाही वाचकाला पुरेसे आकलन झाले नाही आणि कोणाच्या मदतीशिवाय समाधानकारक वाचन होण्यासाठी सुमारे ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात. दीडशे शब्दांच्या उताऱ्यात याचा हिशेब अनोळखी तीन शब्द असा येतो. आपल्या विद्यार्थ्यापुढील उताऱ्यात पंधरा-वीस अनोळखी शब्द असणे ही नित्याची बाब आहे. अशा वेळी तो संदर्भावरून ओळखतो असे म्हणणे ही स्वतःचीच फसवणूक ठरते. तो शेजाऱ्याला विचारतो, नाहीतर गाईड उघडतो.

टक्केवारीत आणखी एक गोष्ट लपते. वरील उताऱ्यात 'रोप' हा एकच शब्द अडला तरी गोष्ट हातची जाते. उलट बादलीला 'रस्टी' असे विशेषण जोडले असते आणि ते कळले नसते, तर फारसे बिघडले नसते. उतारा निवडणाऱ्याने अनोळखी शब्दांची केवळ संख्या मोजून भागत नाही. ते कोठे बसले आहेत हेही पाहावे लागते.

शब्द एकदा भेटून मुक्कामाला राहत नाही. तो अनेकदा भेटावा लागतो, याविषयी संशोधकांत एकमत आहे, मतभेद आहेत ते किती वेळा याविषयी. येथे लघु-उताऱ्यांच्या संग्रहाची अंगभूत उणीव समोर येते. पहिला उतारा पेंग्विनवर, दुसरा प्लास्टिकवर, तिसरा एखाद्या थोर शास्त्रज्ञाच्या बालपणावर, चौथा वेळेच्या महत्त्वावर. विषय बदलला की शब्दही बदलतात. पेंग्विनच्या उताऱ्यात भेटलेला शब्द पुन्हा कधी भेटत नाही. स्टीफन क्रॅशन यांनी एकाच विषयावर किंवा एकाच लेखकाचे वाचन करण्याचा पुरस्कार केला तो याच कारणासाठी. दहा विषयांवरील दहा उताऱ्यांऐवजी पाणीटंचाई या एकाच विषयावरील दहा उतारे घेतले, तर तेच पंचवीस-तीस शब्द वेगवेगळ्या वाक्यांत फिरून भेटतील. परीक्षेला विविधता हवी असते, सरावाला पुनरावृत्ती. आपली सरावपुस्तके परीक्षेची नक्कल करतात आणि सराव हरवून बसतात.

समानार्थी शब्द शोधण्याच्या प्रश्नाबद्दलही येथेच लिहिणे प्राप्त आहे. एका शब्दाला दुसरा शब्द जोडून दिला की आपले काम झाले, अशी समजूत त्यामागे आहे. भाषेत शब्द सोबत्यांसह येतात. मराठीत चहा कडक आणि पाऊस जोराचा, इंग्रजीत चहा 'स्ट्राँग' आणि पाऊस 'हेवी'. मराठीत आपण परीक्षा देतो, म्हणून इंग्रजीतही 'गिव्ह ॲन एक्झाम' म्हणतो. प्रमाण ब्रिटिश इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो. शब्दाचा सोबती उताऱ्यात शेजारीच उभा असतो, मात्र त्याच्याकडे बोट दाखविणारा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

अर्थ आधी, रूप मागाहून

१९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातील काही शाळांत जो प्रयोग केला, तो बंगलोर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा अशा साहित्यावरील कोडी मुलांना सोडवावयास द्यावीत, व्याकरण मुद्दाम शिकवू नये, लक्ष अर्थावर असताना भाषा आपोआप रुजते, ही त्याची भूमिका होती. साध्या सरकारी शाळांतही मुले इंग्रजीतून विचार करू शकतात, हे त्यातून दिसले आणि त्याचे मोल मोठे आहे. पण केवळ अर्थावर भिस्त ठेवण्याची मर्यादा कॅनडातील अनुभवाने उघड केली. तेथे फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या इंग्रजी भाषक मुलांची श्रवण-वाचनातील समज वर्षानुवर्षांच्या संपर्काने उत्तम झाली, बोलण्या-लिहिण्यातील व्याकरण मात्र कच्चेच राहिले. मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये याचे कारण असे मांडले की त्या मुलांना स्वतः भाषा घडविण्याची पुरेशी निकड पडली नव्हती. समजून घेताना 'द' गाळला तरी चालते, लिहिताना तो गाळता येत नाही.

म्हणून उतारा प्रथम समजून घ्यावा आणि मग तो झाकून पुन्हा उभा करावा, ही रीत मला सर्वांत आश्वासक वाटते. बेंजामिन फ्रँकलिन यांनी आपल्या आत्मचरित्रात तरुणपणीचा असाच उद्योग सांगितला आहे. 'स्पेक्टेटर'मधील निबंध वाचून त्यांतील आशयाची त्रोटक टिपणे ते करीत, काही दिवस ती बाजूला ठेवीत आणि मग मूळ न पाहता निबंध पुन्हा लिहून मुळाशी ताडून पाहत. रूथ वाजनरिब यांनी १९९० मध्ये हेच तत्त्व वर्गासाठी मांडले. शिक्षकाने छोटा उतारा साधारण वेगाने दोनदा वाचावा, विद्यार्थ्यांनी जमतील ते शब्द टिपावेत, नंतर तीन-चार जणांच्या गटाने मिळून उतारा पुन्हा लिहावा आणि शेवटी मूळ उताऱ्याशी त्याची तुलना करावी. याला छपाई लागत नाही, यंत्र लागत नाही. ऐंशी विद्यार्थ्यांच्या वर्गातही ते करता येते, फक्त गलका सहन करण्याची तयारी हवी.

गटातील चर्चा मराठीतून झाली तरी हरकत नसावी. उलट 'दोर'आधी 'द' घालावा की 'ए' यावर मुले मराठीतून वाद घालतात, तेव्हाच त्यांचे इंग्रजी व्याकरण घडत असते. आकलनाच्या प्रश्नांची उत्तरेही सुरुवातीच्या काळात मराठीतून स्वीकारावीत असे माझे मत आहे. पुष्कळदा उतारा कळलेला असतो, पण प्रश्नाचे इंग्रजी उताऱ्याहून अवघड असते, आणि न कळल्याचा शिक्का विद्यार्थ्यावर बसतो.

या रीतीची अडचण मूल्यमापनात आहे. पुन्हा उभ्या केलेल्या उताऱ्याचे एकच बरोबर उत्तर नसते. एका गटाने 'द वेल वॉज ड्राय' लिहिले तर ते चूक नाही, मात्र मुळातील काळाचा संबंध त्यात आला नाही, असा शेरा द्यावा लागतो. असा शेरा देण्यासाठी परीक्षकाने प्रत्येक उत्तर स्वतः वाचले पाहिजे आणि आदर्श उत्तरपत्रिकेवर विसंबणे सोडले पाहिजे. शेकडो उत्तरपत्रिका ठरलेल्या मुदतीत तपासावयाच्या असताना विद्यापीठीय परीक्षेत हे आज शक्य दिसत नाही. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण मात्र महाविद्यालयाच्याच हाती असतात, आणि त्यांपैकी निदान दहा गुण या कामासाठी राखून ठेवण्यास आजच्या नियमांत कोणतीही आडकाठी असण्याचे कारण नाही.